आपल्या मीटअपमध्ये बंद सॉफ्टवेअरचे डेमो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिन्यातून एका शनिवारी आपण मुक्त सॉफ्टवेअरवाले पुण्यात जमतो. टॉक संपतात, मंडळी खाली चहाच्या टपरीवर येतात आणि बंद सॉफ्टवेअरचा डेमो सभेत चालेल का, हा विषय निघतोच. वर्षभरात जे जे विचारलं गेलं ते इथे एकत्र केलंय. उत्तरं संयोजकांशी बोलून मी लिहिली आहेत. जिथे मत फक्त माझं आहे, तिथे तसं म्हटलंय.

सरळ सांगा, चालेल की नाही?

महिन्याच्या सभेत नाही. टॉकमध्ये बंद सॉफ्टवेअरचा विषय येऊ शकतो, ते पडद्यावर दिसूही शकतं. पण "हे आमचं प्रॉडक्ट, ते असं चालतं, इथे क्लिक केलं की असा रिपोर्ट येतो" अशा डेमोला आपण वेळ देत नाही.

बंद म्हणजे काय? आमचं टूल तर फुकट आहे.

या बाबतीत मराठीचं बरं आहे. इंग्रजीत 'फ्री' या एका शब्दात दोन अर्थ अडकलेत, त्यामुळे त्यांना गेली चाळीस वर्षं खुलासे करावे लागतायत. आपल्याकडे फुकट वेगळं, मुक्त वेगळं, आणि दोन्हींतला फरक शेंबड्या पोरालाही कळतो.

अमेरिकन प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ग्नू हा मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम बनवण्याचा प्रकल्प जाहीर केला. त्यातून पुढे चार स्वातंत्र्यांची मांडणी झाली: प्रोग्रॅम कुठल्याही कामासाठी चालवता यावा, तो आतून पाहता आणि बदलता यावा, त्याच्या प्रती वाटता याव्यात आणि बदललेल्या प्रतीही वाटता याव्यात. 'ओपन सोर्स' हा शब्द १९९८ मध्ये आला. त्याच वर्षी ओपन सोर्स इनिशिएटिव्ह ही संस्था उभी राहिली आणि तिने दहा कलमांची व्याख्या स्वीकारली. ती व्याख्या डेबियन या लिनक्सवर आधारलेल्या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रकल्पाच्या १९९७ च्या मार्गदर्शक तत्त्वांवरून घेतलेली आहे. आपण तीच धरतो. लायसन्स त्यात बसत नसेल तर आपल्या लेखी ते सॉफ्टवेअर बंद, मग त्याची किंमत शून्य रुपये असो की पाच लाख.

माहिती मिळतेय ना? ऐकलं तर बिघडलं काय?

आधी आम्हालाही असंच वाटायचं. सर्व्हरवर लक्ष ठेवणाऱ्या एका बंद टूलचा डेमो आम्ही ठेवला होता. बोलणारा माणूस चांगला होता, तयारीही चोख. चाळीस मिनिटं आलेख, अलर्ट, रंगीत डॅशबोर्ड. माझ्या शेजारी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी बसली होती. दोन बस बदलून आली होती. दोनशे पानी वही, त्यात प्रत्येक टॉकची तारीख घालून टिपणं. तिने अर्धं पान लिहिलं आणि शेवटी हात वर केला: "सर, हे घरी करून बघायला काय लागेल?" उत्तर आलं, सेल्स टीमशी संपर्क करा, कंपनीचा ईमेल लागेल. तिने मान हलवली, पेनाला टोपण लावलं आणि पुढची वीस मिनिटं वही उघडली नाही.

माझं मत तिथे ठरलं. बंद सॉफ्टवेअर वाईट लोक बनवतात असं मला अजिबात वाटत नाही. पण आपल्याकडे महिन्याला दोन तास असतात आणि त्या दोन तासांवर हक्क ऐकणाऱ्याचा आहे. सभेतून उठून घरी जाणाऱ्या माणसाला, कुणाची परवानगी न घेता, त्याच रात्री आपल्या जुन्या लॅपटॉपवर ती गोष्ट करून बघता आली पाहिजे. मोडून बघता आली पाहिजे. पुढच्या महिन्यात येऊन "मी यात हा बदल केला" असं सांगता आलं पाहिजे. ज्या टॉकनंतर हे शक्य होतं तो टॉक आपला. बाकी सगळे नियम यातून निघतात.

पुढच्या महिन्यात आम्ही प्रोमिथियस आणि ग्राफानावर सत्र घेतलं. विषय तोच, सर्व्हरवर लक्ष ठेवण्याचा. दोन्ही मुक्त लायसन्सखाली आहेत. त्या मुलीची वही त्या दिवशी शेवटपर्यंत उघडी होती.

म्हणजे तुमचा कंपन्यांना विरोध आहे?

नाही. लिनक्स कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, मोठा भाग कंपन्यांच्या पगारावर असलेली माणसं लिहितात. पुण्यात कितीतरी जण अशाच नोकऱ्या करतात आणि आपल्या सभेतले सर्वांत चांगले टॉक त्यांच्यापैकीच काहींनी दिलेत. कंपनीतला माणूस, कंपनीचा टी-शर्ट, स्लाइडच्या कोपऱ्यात लोगो, सगळं चालतं. आपण बघतो ते लायसन्स.

सभागृह कंपनीचं, चहा-वडे कंपनीचे, मग त्यांना दहा मिनिटंही नाहीत?

पाच आहेत, सुरुवातीला. कंपनी काय करते ते सांगा, प्रॉडक्टचं नाव घ्या, नोकरीच्या जागा असतील तर जरूर सांगा. त्या ऐकायला मुलं कान टवकारून बसलेली असतात. फक्त लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडायचा नाही.

पुणेकरांना हे वेगळं समजवायला नको. गणपतीत रस्त्यावरच्या कमानीवर सोन्या-चांदीच्या दुकानाची जाहिरात असते, बिल्डरची असते, क्लासवाल्यांची असते. त्या पैशातून मांडव उभा राहतो आणि कुणी नाक मुरडत नाही. पण जाहिरातीची जागा कमान. मखरात कुणी फलक लावत नाही, आणि वर्गणी जास्त दिली म्हणून आरतीच्या मध्ये कुणी आपल्या दुकानाचे दर वाचून दाखवत नाही. हे कुठे लिहून ठेवावं लागत नाही, मंडळाच्या पोराटोरांना ते कळतं.

एकदा एका यजमान कंपनीने डेमो नाही तर हॉल नाही असं कळवलं. तेव्हा आम्ही एका सदस्याच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सतरंज्या टाकून बसलो. भिंतीवर चादर लावून प्रोजेक्टर चालवला. डास होते, आवाजही नीट पोचत नव्हता. सभा मात्र झाली.

असं बंद साधन मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पात आणून कुणी पाहिलंय का?

पाहिलंय, आणि ते साधंसुधं उदाहरण नाही. २००२ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्स कर्नलचा कोड सांभाळायला बिटकीपर हे बंद साधन घेतलं. साधन उत्तम होतं, हे त्याच्या विरोधकांनाही मान्य होतं. मुक्त प्रकल्पांना ते फुकट मिळायचं. अट अशी, की वापरणाऱ्याने त्याच्याशी स्पर्धा करणाऱ्या साधनावर काम करायचं नाही. म्हणजे वापर केला की हात बांधले गेले. बऱ्याच जणांनी तेव्हाच धोक्याची सूचना दिली होती, पण काम पटापट होत होतं आणि कामाच्या घाईत असलेल्या माणसाला अटी नडत नाहीत.

२००५ मध्ये सांबा या दुसऱ्या मुक्त प्रकल्पाचे अँड्र्यू ट्रिजेल यांनी बिटकीपरच्या सर्व्हरशी बोलणारं स्वतःचं साधन लिहिलं. त्यावरून वाद पेटला आणि कंपनीने फुकट आवृत्ती बंद करत असल्याचं जाहीर केलं. जगातल्या एवढ्या मोठ्या मुक्त प्रकल्पाच्या पायाखालची फळी एका कंपनीच्या निर्णयाने सरकली. टॉरवाल्ड्स यांनी एप्रिलमध्ये त्याच कामासाठी गिट हे मुक्त साधन लिहायला घेतलं, काही दिवसांत ते स्वतःचाच कोड सांभाळू लागलं, आणि जूनमध्ये आलेली कर्नलची २.६.१२ ही आवृत्ती गिटवर तयार झाली. खुद्द बिटकीपर २०१६ मध्ये मुक्त झालं. तोवर जग गिटवर गेलं होतं.

यावरून कुणी म्हणेल, बंद साधन आणलं म्हणून तर गिट जन्मलं. खरं आहे. पण प्रत्येक गटात टॉरवाल्ड्स नसतो, आणि फळी सरकल्यावर बहुतेक प्रकल्प नुसते पडतात.

मग बंद सॉफ्टवेअरचं नावच काढायचं नाही?

काढायचं, आणि भरपूर काढायचं. त्याच २००५ च्या एप्रिलमध्ये कॅनबेरातल्या लिनक्स परिषदेत ट्रिजेल यांनी आपण काय केलं ते मंचावरून दाखवलं: टेलनेट या जुन्या साध्या साधनाने बिटकीपरच्या सर्व्हरला जोडायचं आणि 'हेल्प' टाइप करायचं. सर्व्हर स्वतःच आपल्या आज्ञांची यादी देत होता. विषय बंद सॉफ्टवेअरचा, पण ऐकणाऱ्याच्या हातात किल्ली पडली.

आपल्याकडचं उदाहरण माझ्या घरचं आहे. माझ्या आत्याने मावळातल्या गावांत फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या होत्या. १९९९ मध्ये त्या अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका डीटीपीवाल्याकडे टाइप करून घेतल्या. छापायचं राहून गेलं. आत्या गेली, हस्तलिखित एका पावसाळ्यात माळ्यावर भिजलं, उरली फक्त सीडी. ती उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरं, टक्क्याची चिन्हं, कंस आणि उलटे अवतरण. एकही ओवी नाही.

कारण असं. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी १९९१ पासून आहे, पण डीटीपीच्या धंद्यात तेव्हा ते पोचलं नव्हतं. जुने फाँट रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवायचे. एका जागी अर्धा क, दुसरीकडे काना, तिसरीकडे रफार. फाइलमध्ये खरं तर रोमन अक्षरंच असायची आणि तो फाँट असला तरच ती मराठी दिसायची. प्रत्येक कंपनीचा नकाशा निराळा आणि आमच्या फाँटचा नकाशा जाहीर नव्हता. ज्या कंपनीचा तो होता ती दाद देईना.

मी सभेत मजकुराचं एक पान पडद्यावर लावलं. तो नकाशा उलगडायला तीन महिने लागले. एक पान आत्याच्या जुन्या पत्रात छापील सापडलं होतं, ते शेजारी ठेवून एकेक आकार जुळवला. सगळ्यांत जास्त घाम पहिल्या वेलांटीने काढला. जुन्या फाँटमध्ये ती डोळ्याला दिसते तशी अक्षराच्या आधी टाइप होते आणि युनिकोडमध्ये व्यंजनानंतर साठवली जाते. रफाराचं उलटं: जुन्या पद्धतीत अक्षर झाल्यावर डोक्यावर द्यायचा, युनिकोडमध्ये र आणि हलंत आधी. त्यामुळे नुसती अदलाबदल करून भागेना, अख्खं अक्षर ओळखून क्रम फिरवावा लागला. 'किर्ती' नावाच्या एका सासुरवाशिणीचं नाव पहिल्यांदा नीट उमटलं तेव्हा हॉलमध्ये टाळ्या पडल्या.

तो कोड आपण मुक्त लायसन्सखाली ठेवलाय. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात अशा कामाला जागा आहे: कायदेशीररीत्या हातात असलेल्या प्रोग्रॅमशी स्वतंत्रपणे लिहिलेला दुसरा प्रोग्रॅम जुळवण्यासाठी लागणारी माहिती, ती इतरत्र सहज मिळत नसेल तर, काढता येते. घरोघरी अशा सीड्या पडल्या आहेत. वडिलांच्या कविता, संस्थांचे अहवाल, गावाचा इतिहास. त्या सोडवण्याचे टॉक आपल्याला हवेत, आणि त्यात बंद सॉफ्टवेअर कितीही वेळ पडद्यावर राहिलं तरी हरकत नाही.

स्थलांतराचे टॉकही तसेच. ओरॅकल या बंद डेटाबेसवरून पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसवर कसे आलो, कुठे अडकलो, कुठे परत जावंसं वाटलं, हे मोकळेपणाने सांगा.

गिट शिकवता, पण गिटहब तर बंद आहे. तिथे गप्प का?

बरोबर पकडलंत. गिट मुक्त. गिटहब ही गिटने सांभाळलेला कोड ठेवायची वेबसाइट, ती बंद आणि २०१८ पासून मायक्रोसॉफ्टची. नवशिक्यांच्या कार्यशाळेत आपण आता आधी दोन लॅपटॉपमध्येच गिट चालवून दाखवतो, मध्ये कुठलीही वेबसाइट नाही. नंतर फोर्जेयो दाखवतो, म्हणजे गिटहबसारखंच काम करणारं मुक्त सॉफ्टवेअर. बहुतेक मुक्त प्रकल्प गिटहबवर आहेत, त्यामुळे तिथे पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'माझा बदल घ्या' अशी विनंती, कशी पाठवायची तेही सांगतो. तो रस्ता दाखवणं झालं, त्या कंपनीच्या नव्या सोयींचा डेमो आपण ठेवत नाही.

आमचा सोर्स कोड सगळ्यांना दिसतो, फक्त लायसन्स थोडं वेगळं आहे.

या 'थोडं वेगळं'मध्येच सगळं आहे. हॅशिकॉर्प या कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्म या सर्व्हर उभारायच्या साधनाचं लायसन्स बदलून बिझनेस सोर्स लायसन्स लावलं. कोड दिसत राहिला, पण स्पर्धक सेवेत वापरायला बंदी आली. लोकांनी आधीच्या मुक्त कोडवरून ओपनटोफू काढलं. मार्च २०२४ मध्ये रेडिस या डेटाबेसने तसंच केलं, त्याच्या आधीच्या मुक्त कोडवरून वाल्की जन्मलं, आणि मे २०२५ मध्ये रेडिसने एजीपीएल या मुक्त लायसन्सचा पर्याय दिला. आपला नियम त्या त्या दिवशी लागू असलेलं लायसन्स बघतो. टेराफॉर्मचा डेमो नाही, ओपनटोफूचा आहे. रेडिस आता पुन्हा चालतं.

ओपन कोअर असेल, म्हणजे गाभा मुक्त आणि वरचे मजले पैशाचे, तर गाभ्यावर बोला. पैशाच्या भागाचा उल्लेख एका वाक्यात करा.

एआय मॉडेलचं काय?

हा भाग अजून ओला आहे. ओपन सोर्स इनिशिएटिव्हने ऑक्टोबर २०२४ मध्ये ओपन सोर्स एआयची पहिली व्याख्या काढली. तिच्यात मॉडेलच्या वजनांबरोबर (प्रशिक्षणातून तयार झालेल्या आकड्यांबरोबर) कोड आणि प्रशिक्षणाच्या डेटाची पुरेशी माहिती मागितली आहे. मेटाचं लामा हे मॉडेल डाउनलोड होतं, पण त्याच्या लायसन्समध्ये वापरावर बंधनं आहेत, म्हणून ते या व्याख्येत बसत नाही. सध्या आपण एवढंच ठरवलंय: मॉडेल स्वतःच्या मशीनवर, मुक्त साधनाने चालवून दाखवणार असाल तर या, आणि पहिल्याच स्लाइडवर लायसन्स लिहा. कंपनीच्या सर्व्हरवर चालणाऱ्या चॅटचा डेमो नको.

हिंजवडी, खराडीच्या आयटी कंपन्यांत हीच बंद टूल्स वापरतात. मुलांच्या नोकरीचं काय?

मला सर्वांत जड जाणारा प्रश्न. नऱ्हे, वाघोलीच्या कॉलेजांतून येणारी मुलं हौसेने येत नाहीत, घरी कर्ज असतं. त्यांना "तत्त्व शिका" असं सांगून मोकळं होणं मला जमत नाही.

पण हेही पाहा. बंद टूलचे डेमो कंपन्या स्वतःच फुकट घेतात, रोज घेतात, रुजू झाल्यावर प्रशिक्षणही देतात. या मुलांना कुठेच मिळत नाही ती गोष्ट वेगळी आहे: दुसऱ्याने लिहिलेला मोठा, खरा कोड वाचायचा, त्यात चूक शोधायची, आणि "इथे असं का केलंस?" असं कुणीतरी मराठीत, न हिणवता विचारायचं. ज्या मुलाचा एक छोटा पॅच, म्हणजे कोडमधला बदल, एखाद्या मुक्त प्रकल्पात गेलाय, त्याच्याकडे मुलाखतीत दाखवायला सगळ्यांना दिसणारं काम असतं. बंद टूलवर केलेलं काम त्या कंपनीच्या दाराआड राहतं.

तरी प्रश्न पूर्ण सुटला असं मी म्हणणार नाही. म्हणून टॉकच्या शेवटी वक्त्याने दोन मिनिटं हे सांगावं अशी आमची विनंती असते: याच कामाला कंपन्यांमध्ये कोणती बंद साधनं वापरतात आणि आज शिकलेलं त्यात कुठे उपयोगी पडेल.

नियमाला अपवाद?

एक. कुणाला सभेत भाग घेण्यासाठी जे साधन लागतं, ते तो वापरेल. आपले एक दृष्टिहीन सदस्य एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, वापरतात. तो मुक्त आहे, २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झाला, आणि महागड्या बंद स्क्रीन रीडरना त्याने पर्याय दिला. पण दुसरं कुणी बंद स्क्रीन रीडर घेऊन टॉक द्यायला आलं तर आपण लायसन्स विचारणार नाही.

तुम्ही स्वतः सभेचा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता.

पाठवतो. मॅट्रिक्स या मुक्त निरोप-व्यवस्थेवरही पाठवतो, पण निम्मे लोक तिथे नाहीत. हा दोष आहे आणि तो आम्ही लपवत नाही. डेबियनसारख्या काटेकोर प्रकल्पालाही हा पेच पडला. वायफाय चालायला लागणारं बंद फर्मवेअर (यंत्राच्या भागात चालणारा छोटा प्रोग्रॅम) इन्स्टॉलरमध्ये असावं का, यावर २०२२ मध्ये त्यांनी मतदान घेतलं, 'असावं' असं ठरलं, आणि जून २०२३ मधल्या डेबियन १२ पासून ते येतं. मात्र त्यासाठी त्यांनी वेगळा विभाग केला आणि ते बंद आहे हे उघड सांगितलं. अडचणीपोटी बंद वस्तू वापरणं वेगळं आणि मंचावर बसवून तिची ओळख करून देणं वेगळं. पहिलं आम्ही कमी करत आणतोय.

वर्षातून एखादी वेगळी संध्याकाळ अशा डेमोंसाठी ठेवली तर?

यावर आमच्यात दोन तट आहेत. काहींना वाटतं, वेगळा दिवस, वेगळं नाव आणि लायसन्सचा उघड उल्लेख असेल तर हरकत नाही, पैसेही येतील. माझं मत विरुद्ध आहे. संध्याकाळ वेगळी असली तरी राबणारे हात तेच. खुर्च्या लावणारी, वायर शोधणारी, निरोप धाडणारी तीच सहा-सात माणसं, सगळी नोकरी सांभाळून करणारी. त्यांचा एक शनिवार कंपनीच्या विक्रीला द्यायला माझं मन होत नाही. निर्णय झालेला नाही.

आमचं सॉफ्टवेअर आज बंद आहे, पण मुक्त करायचा विचार आहे.

मग लवकर या! ब्लेंडर हे थ्री-डी चित्रं आणि अ‍ॅनिमेशन बनवायचं सॉफ्टवेअर एके काळी बंद होतं. मागची कंपनी बुडाली, तेव्हा २००२ मध्ये लोकांनी सात आठवड्यांत एक लाख युरो जमवून त्याचा कोड सोडवला. लायसन्स कोणतं घ्यावं, जुन्या कोडमधले दुसऱ्यांचे तुकडे कसे वेगळे काढावेत, बाहेरच्या पॅचचं काय करावं, यावर आपण तुमच्याबरोबर बसू. कोड बाहेर आला की डेमोचा पहिला मान तुमचा.

टॉक द्यायचाय. काय पाठवू?

विषय चार ओळींत, कोड कुठे ठेवलाय त्याचा पत्ता, लायसन्सचं नाव, आणि ऐकणाऱ्याला घरी करून बघायला काय लागेल ते. हे शेवटचं आम्ही आधी वाचतो. इंटरनेट लागत असेल तर तसं लिहा, कारण हॉलचं वायफाय चाळीस लोकांना पुरत नाही आणि पॅकेजेस पेनड्राइव्हवर भरून आणावी लागतात. स्लाइड इंग्रजीत असल्या तरी बोला मराठीत. एचडीएमआयची वायर आपल्याकडे आहे, टाइप-सीचं कनेक्टर आणायला विसरू नका.